तेहतीस की शंभर

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी दुकान झाडून घेतलं, उदबत्ती लावली आणि प्रल्हादभाऊंचा कॉम्प्युटर टेबलावर आडवा करून उघडला. आजचं काम एकच. त्यांच्या म्हाताऱ्या हार्डडिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायचं. नवी म्हणजे तीही पंधरा-वीस वर्षांपूर्वीचीच, पण न वापरलेली, तुमच्या कपाटातली.

दाजी, तुम्ही गेलात आणि दिवसकार्यातली गंधमुक्तीही नुकतीच झाली. धुळ्याला मांडव पडला, पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले. एका सद्गृहस्थांनी उभं राहून सांगितलं की खान्देशात पहिला कॉम्प्युटर आणला तो तुम्ही. हे खोटं आहे हे मला माहीत, अक्काला माहीत, तुम्हालाही माहीत. पण तुम्ही तिथे असतात तर नम्रपणे मान हलवून ते मान्य केलं असतंत. मला त्या क्षणी हसू आलं. अक्कानं मला कोपर मारलं, मग तिलाही आलं. दोघी बहिणी तोंडाला पदर लावून बसलो. लोकांना वाटलं, रडताहेत. वाटू दे.

मी रडण्यात फार वेळ घालवणारी नाही. रडून झालं तरी काम पडलेलंच असतं, आणि डोळे चुरचुरले की बारीक स्क्रू दिसत नाहीत. म्हणून काम घेऊन बसले आणि काम करता करता तुमच्याशी बोलतेय. हे काम तुमच्या-माझ्या भांडणाचंच आहे, म्हणून.

प्रल्हादभाऊंना तुम्ही ओळखता, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. फैजपूरला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे वायरकटचं मशीन आहे. बारीक तारेतून वीज सोडलेली असते आणि ती तार ठिणग्या पाडत, सावकाश, पोलादाची जाड पाटी पाहिजे त्या आकारात कापते. प्रल्हादभाऊ त्यावर केळीच्या वेफरच्या यंत्रांतल्या काप पाडणाऱ्या चकत्या करतात. तिकडे गल्लोगल्ली वेफर तळले जातात. प्रत्येकाचं यंत्र वेगळं, प्रत्येकाची चकती वेगळी, आणि सगळ्यांच्या चकत्यांचे नकाशे ह्या एका डिस्कवर. दुसरी प्रत नाही. मशीन चालवणारं कार्ड इतकं जुनं, की आजच्या कॉम्प्युटरमध्ये त्याला बसायला जागाच नसते. त्यामुळे कॉम्प्युटर बदलायचीही सोय नाही. आणि दसऱ्यापासून डिस्क टकटक करायला लागली.

"ताई, हे गेलं तं मी बी गेलो," प्रल्हादभाऊ म्हणाले होते.

"तुम्ही कुठे जात नाही, चहा घ्या," मी म्हणाले. पण माणूस खरं तेच बोलत होता. नकाशे गेले तर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाऊन जुनी चकती मागायची, मोजायची आणि पुन्हा काढायची. झिजलेल्या चकतीचं माप झिजलेलंच येणार.

ते बसलेले असतानाच मी तुम्हाला धुळ्याला फोन लावला. स्पीकरवर. म्हटलं, तशी एखादी जुनी पण कोरी डिस्क आहे का?

"आहे," तुम्ही म्हणालात. "शंभरची आहे. तेहतीसवर अडवून देतो."

"अडवू नका. मी ऐंशी तारांची केबल टाकते."

"केबल टाकून काय होणार, मेहुणीबाई? बोर्डाची लायकी नाही तेवढी."

"बोर्ड शंभरचा आहे. वर छापलंय तसं."

"छापायला काय, माझ्या कार्डावर इंजिनिअर छापलंय."

प्रल्हादभाऊ चहा सांडेपर्यंत हसले. मी नाही हसले. फोन ठेवताना मी म्हणाले, "तुम्ही डिस्क पाठवा. काय करायचं ते मी बघते." तुम्ही म्हणालात, "बघ बाई." ते आपलं शेवटचं बोलणं. यात काही वाईट वाटून घेण्यासारखं नाही. आपली सगळीच बोलणी अशी संपायची.

तेहतीस आणि शंभर म्हणजे काय, हेही सांगायला हवं. कॉम्प्युटर सुरू झाला की डिस्क बोर्डाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीला, सांगते, मी सेकंदाला इतका माल देऊ-घेऊ शकते. तेहतीस म्हणजे तेहतीस मेगाबाइट, शंभर म्हणजे शंभर. बोर्ड तिच्या शब्दावर विश्वास ठेवून तेवढाच वेग धरतो. डिस्क जोमदार आणि बोर्ड जुना असला तर तो वेग त्याला झेपत नाही. मग कधी कॉम्प्युटर अडकून बसतो. अडकला तर बरं म्हणायचं. कधीकधी अडकत नाही, काम झालं म्हणून सांगतो, आणि फायली आतल्या आत बिघडलेल्या असतात.

यावर माझा उपाय असा, की जुनी चाळीस तारांची पट्टी काढून ऐंशी तारांची टाकायची. तारांच्या मध्ये जादा तारा असतात, त्यामुळे एकीचा गोंगाट दुसरीत जात नाही. त्यानं भागलं नाही तर वेगळं कार्ड बसवायचं. तुमचा उपाय म्हणजे डिस्कलाच बजावून ठेवायचं, की तू शंभरची आहेस हे कुणाला सांगू नकोस, विचारलं तर तेहतीस सांग. फ्लॉपीवरून एक छोटा प्रोग्राम सुरू करायचा, यादीतून वेग निवडायचा, वीज बंद करून पुन्हा लावायची, झालं. ही मर्यादा कॉम्प्युटरात राहत नाही, डिस्कच्या पोटात राहते. ती डिस्क काढून दुसऱ्या गावी, दुसऱ्या कॉम्प्युटरात बसवली तरी तेहतीसच सांगणार.

तुम्ही हे पंगतीवरून समजवायचात. वाढपी धावत सुटला तर भात पत्रावळीत कमी आणि जमिनीवर जास्त. त्याला म्हणावं, हळू.

"पत्रावळ मोठी घ्या ना मग," मी म्हणायची.

"आणि जेवणाऱ्याचं पोट?"

"ते त्याचं तो बघेल."

वीस-बावीस वर्षं हेच चाललं. शब्द बदलायचे, भांडण तेच. भरिताची वांगी आली की तुम्ही जळगावला यायचात. एका हातात अक्कानं दिलेल्या कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाची पिशवी आणि दुसऱ्या हातात मेलेल्या डिस्का. वांगी भाजली जायची, मिरच्या कुटल्या जायच्या, आणि आपण दोघं राखेत काटक्यांनी केबलच्या आकृत्या काढत बसायचो. अक्का म्हणायची, ह्यांना जेवायला वाढू नका, हे आधी तारा मोजतील.

मुळात मी धुळ्याला आले ती टायपिंग शिकायला. बारावी झाली होती, अक्काचं लग्न होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, तिच्याकडे राहून क्लासला जायचं ठरलं. तुमचं दुकान क्लासच्या वाटेवर. एक दिवस डबा द्यायला आत आले, तर तुम्ही टेबलाखाली आडवे. वर न बघताच म्हणालात, "टायपिंग येतं ना? म्हणजे बोटं चालतात. तो स्क्रू उघड." मी उघडला. डबा दुपारपर्यंत तसाच राहिला. संध्याकाळी अक्का तुम्हाला म्हणाली, "माझ्या बहिणीला गॅरेजवाली करता काय?" तुम्ही म्हणालात, "बठ्ठं, सगळंच्या सगळं खान्देश उद्या कॉम्प्युटरवर येणार, मग दुरुस्त कोण करणार?" तुमची वाक्यं पहिल्यापासून भाषणासारखी.

तुम्हाला सगळ्यांनी कौतुकानं ऐकावं असं वाटायचं, आणि बहुतेक लोक ऐकायचेही. मी ऐकत नव्हते, म्हणून तुम्ही मला जास्त सांगायचात. याचा फायदा मला झाला, हे मान्य आहे.

जळगावात पिंप्राळ्याला मी दुकान टाकलं तेव्हाचंही मला आठवतं. पहिल्या दिवशी तुम्ही धुळ्याहून आलात, पेढे आणलेत आणि बाहेरच्या स्टुलावर बसलात. जो येईल तो तुमच्याकडे बघून विचारायचा, "साहेब, प्रिंटर दुरुस्त होतो का?" तुम्ही दर वेळी म्हणायचात, "मी गिऱ्हाईक आहे. साहेब आत बसल्यात." संध्याकाळपर्यंत किती जणांना सांगितलंत कोण जाणे. इतका गप्प बसलेला माणूस तुमच्यात मी पहिल्यांदा बघितला. जाताना मात्र दोन पायऱ्या उतरून परत आलात आणि म्हणालात, "डिस्का तेहतीसवर लावून देत जा." मी म्हणाले, "दुकान माझं आहे."

तुमची गंमत अशी, की तुम्ही जी डिस्क विकायचात ती गिऱ्हाइकाला न विचारता तेहतीसवर अडवूनच द्यायचात. सरसकट. कॉम्प्युटर नवा आहे की जुना, बघायचं नाही. "वाईट काय होईल? हळू चालेल. बंद तर पडणार नाही," हा तुमचा सिद्धांत. आणि ते बरोबरही असायचं, बहुतेक वेळा.

पण शिंदखेड्याचा तो लग्नाचे व्हिडिओ करणारा आठवा. त्यानं चांगला नवा कॉम्प्युटर घेतला, डिस्क तुमच्याकडून घेतली, आणि वर्षभर त्याच्या स्क्रीनवर नवरदेव घोड्यावर चढायचा आणि तिथेच थांबायचा. घोडाही थांबायचा. पुढचं चित्र यायला वेळ लागायचा. त्यानं विजेला शिव्या दिल्या, मेमरी बदलली, पंखा बदलला. शेवटी माझ्याकडे आला. मी फ्लॉपी घातली, बघितलं, डिस्क तेहतीसवर. उघडून शंभरवर केली, नवरदेव सुटला. मी तुम्हाला फोन करून म्हणाले, "दाजी, तुम्ही एका माणसाचं वर्ष घालवलंत."

"बिघडलं का काही?"

"काही नाही बिघडलं. लग्नं मात्र अडकली."

"घोड्यावरच अडकलीत ना? पडला तर नाही कोणी."

तर असा माणूस. म्हणून तुमच्या कपाटातली डिस्क तेहतीसचीच असणार, याबद्दल मला शंका यायचं कारणच नव्हतं.

डिस्क मला अक्कानं दिली. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी तुमचं दुकान आवरायला बसलो होतो. कपाटात खालच्या कप्प्यात ती वेगळी ठेवलेली, वर चिकटपट्टी, पट्टीवर पेनानं 'मंगल'. अक्का म्हणाली, "हाई तुनं नाव लिखेल शे. ली जाय." मी पिशवीत टाकली. अक्का दु:खात किंवा रागात असली की माहेरची बोली बोलते. त्या दिवशी ती दिवसभर तीच बोलली.

एवढे दिवस प्रल्हादभाऊंनी मशीन बंद ठेवलं होतं. मीच सांगितलं होतं, डिस्क फिरवू नका, आहे तेवढा जीव कॉपीसाठी राहू द्या. तुम्ही गेल्याचं कळल्यावर त्यांनी एकदाही तगादा केला नाही. "तुमचं होऊ द्या ताई," एवढंच. इकडे सावद्याचा एक वेफरवाला चकत्यांसाठी खोळंबला होता आणि त्यांच्याकडची दोन माणसं झाडलोट करत बसली होती. हे मला त्यांनी सांगितलं नाही. मला दुसरीकडून कळलं. म्हणून आज सकाळी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही.

सोपा मार्ग मी आधी करून पाहिला. जुनी डिस्क ॲडॉप्टर लावून नव्या लॅपटॉपला जोडली. ती त्याला ओळखच देईना. मग ठरवलं, प्रल्हादभाऊंच्याच बोर्डावर दोन्ही डिस्का जोडायच्या. शेवटी नव्या डिस्कला नांदायचं तिथेच आहे, तर तिथेच उतरवून घेऊ.

आणि दाजी, मी मोठ्या मनानं विचार केला. म्हटलं, माणूस गेला. दर वेळी आपलंच कशाला? डिस्क त्यांची आहे, त्यांच्या पद्धतीनं अडवलेली असणार, राहू दे तशीच. केबल मात्र मी माझी टाकते, ऐंशी तारांची. दोघांचं समाधान. मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं. फ्लॉपी घालून वेग तपासायची पायरी मी सोडून दिली. तुमच्या डिस्कचा वेग काय तपासायचा?

कॉपी झाली. छान झाली, भराभर. जुनी डिस्क टकटक करत होती पण देत होती. मग सवयीप्रमाणे दोन्हीकडच्या फायली ताडून बघायची कमांड दिली. ही सवयही तुमचीच, आणि हिच्यावरून मी कधी भांडले नाही.

फायली जुळेनात. सगळ्या नाही, मधल्यामध्ये काही. एक नकाशा उघडून बघितला. चकतीचा गोल अर्धा नीट आला आणि मग रेघ निघाली ती स्क्रीनच्या कोपऱ्यातून बाहेर. पुढचा नकाशा व्यवस्थित. त्यापुढच्यात चार खाचांऐवजी तीन. हा नकाशा मशीनला दिला असता तर मशीननं मुकाट्यानं तसंच कापलं असतं. पोलादाची पाटी वाया आणि प्रल्हादभाऊ डोक्याला हात लावून.

मला वाटलं, जुनी डिस्कच मरतेय, चुकीचं वाचून देतेय. ती गार होऊ दिली. केबल बदलली, दुसरी ऐंशी तारांची टाकली. पुन्हा कॉपी. पुन्हा जुळेना, पण आता बिघडलेल्या फायली वेगळ्या होत्या. सकाळी बिघडलेला गोल आता गोल होता आणि सकाळचा शहाणा नकाशा बिघडला होता. म्हणजे जुनी डिस्क बरोबर वाचत होती. माल वाटेत सांडत होता.

मेमरी काढून पुसून बसवली. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. तिसरी कॉपी. तेच. तिकडे जुन्या डिस्कची टकटक वाढलेली. दर कॉपीला तिचा थोडा जीव मी जाळत होते, आणि किती उरलाय ते सांगणारा काटा तिच्यावर नसतो. मधेच ती एकदा अडखळली, फिरायची थांबल्यासारखी झाली आणि परत लागली.  दाजी, मी मोठ्यानं बोलले, दुकानात, एकटी: "मी तुमच्या मनासारखं केलं, तर असं होतंय!"

शेजारच्या झेरॉक्सवालीनं डोकावून विचारलं, "काकू, कोणावर ओरडताय?"

"घरचे आहेत," मी म्हणाले.

मग खाली बसले, पाणी प्यायले आणि तुम्ही शिकवलेलं केलं. काय काय बदललं ते बोटांवर मोजायचं, आणि काय बदललं नाही ते बघायचं. केबल बदलली. मेमरी बदलली. वीज बदलली. बोर्ड बदलता येत नाही. जुन्या डिस्कवर संशय नाही, आणि ती मुळातच तेहतीसची. उरली कोण? 'मंगल'.

फ्लॉपी शोधली. ती चालली, हेच नशीब. प्रोग्राम सुरू झाला, डिस्कचं नाव आलं आणि खाली सध्याचा वेग. शंभर.

मी चष्मा पुसून परत बघितलं. शंभर. अडवलेली नाहीच. तुम्ही हात लावलेला नाही.

आयुष्यभर येईल त्या गिऱ्हाइकाची डिस्क न विचारता अडवलीत. एकच मोकळी सोडलीत, माझी. आणि मी आयुष्यभर तुमचं ऐकलं नाही, एकदाच ऐकलं, ते नेमकं आज.

मी अक्काला फोन लावला. म्हटलं, "ही डिस्क देताना दाजी काही बोलले होते का?"

तिनं आठवून बघितलं. मग म्हणाली, "बोलनात ना. फ्लॉपी हातमा ली बसनात. मंग कपाटमा ठी दिनी. म्हनेत, मंगलनी डिस्कले हात लावाना नई. एकदाव तिना मनसारखं होऊ दे."

"हसत होते का म्हणताना?"

"कसाले?"

"सांग ना. हसत होते की नाही?"

"ते कव्हय हसतस नई?" अक्का म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की 'हसतस', म्हणजे हसतात, असं म्हणून चालणार नाही आता.  मग तिनं विचारलं, भरिताची वांगी आली का बाजारात. मी म्हटलं आली, पाठवते.

हा प्रश्न आता माझ्या डोक्यातून जाणार नाही, दाजी. तुम्ही खरंच हरलात, की मुद्दाम सोडलीत? "होऊ दे तिच्या मनासारखं" हे माघार घेणारा माणूसही म्हणतो, आणि "होऊ दे फजिती, मग येईल माझ्याकडे" असं ठरवून बसलेलाही हेच म्हणतो. तुमच्या बाबतीत दुसरी शक्यता मला जास्त वाटते. तुम्ही वाट बघत बसला असतात, की मंगलचा फोन येतो का. आला असता, तर पलीकडून एवढंच: "काय मेहुणीबाई, पत्रावळ पुरली का?" आणि मी रागानं फोन ठेवला असता, आणि संध्याकाळी परत केला असता. तो फोन राहिला.

पण पहिली शक्यता खरी असेल तर? तर मला तुमचे आभार मानायला हवेत, आणि ते मी तुमच्यासमोर कधी मानले नसते. तुम्हीही मानू दिले नसतेत. शेवटी माझ्यावरच उलटलं असतं ते, तुम्ही भाषण ठोकलं असतंत. म्हणून इथे मानते, आणि पुढे जाते.

मी यादीतून तेहतीस निवडलं. वीज बंद केली, लावली, पुन्हा बघितलं. तेहतीस. माझ्या केबलला हात लावला नाही, ती तशीच ठेवली, हे नोंदवून ठेवते.

चौथी कॉपी. आता ती रमतगमत चालली होती. मी टेबलाशी बसून राहिले. दुसरं काही हातात घ्यावं असं वाटेना. जुनी डिस्क टक, टक, मग गप्प, मग परत टक. एका फायलीवर बराच वेळ अडली. मी तिला म्हणाले, चल बाई, एवढं देऊन टाक. तुम्हीही डिस्कांशी बोलायचात. मी तेव्हा तुम्हाला हसायची.

दिवे लागणीच्या सुमाराला कॉपी पूर्ण झाली. ताडून बघितली. सगळ्या फायली जुळल्या. एकही चुकली नाही. खात्रीसाठी पुन्हा ताडली. जुळल्या. आणखी एक प्रत लॅपटॉपवर काढून ठेवली, आता तरी. जुनी डिस्क हलक्या हातानं सोडवून कापडात गुंडाळली. ती परत सुरू होते का, ते बघितलं नाही. तिचं काम झालं होतं, तिला कशाला छळायचं?

प्रल्हादभाऊंना फोन केला. म्हटलं, उद्या सकाळी येते. ते म्हणाले, "नकाशे?" मी म्हणाले, "सगळे."  त्यांनी लगेच कोणाला तरी हाक मारून मशीनवरचं कापड काढायला सांगितलं, आज संध्याकाळीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी कॉम्प्युटर गाडीच्या मागच्या सीटवर चादरीत बांधला आणि भुसावळ-सावद्यावरून फैजपूरला गेले. कार्ड बसवलं, तारा जोडल्या, कॉम्प्युटर सुरू केला. प्रल्हादभाऊंनी सावद्याच्या गिऱ्हाइकाचा नकाशा उघडला, नाक स्क्रीनला लागेपर्यंत वाकून बघितला, मग मशीनवर पाटी चढवली. तार चालू लागली. ठिणग्या, पाण्याचा आवाज. आम्ही दोघं आणि त्यांची दोन माणसं तारेकडे बघत उभे. चकती सुटून आली तेव्हा त्यांनी ती पुसून माझ्याच हातात दिली. मी व्हर्नियरनं मोजली. आडवी, उभी, खाचा. मग त्यांनी मोजली. मग त्यांच्या माणसानं. बरोबर होती.

सावद्याच्या वेफरवाल्यानं ती लगेच नेली, आणि दुपारी तिच्यावरच्या पहिल्या घाण्याचे वेफर आले. खात खात प्रल्हादभाऊंनी विचारलं, "ताई, डिस्क नवी टाकली तं आता जोरात पयीन कनी?"

"नाही. तेहतीसवर ठेवलीय."

"फोनवर तं तुम्ही शंभर म्हनत होत्या."

"शंभरवर चालवून बघितली. फायली बिघडत होत्या."

ते चघळायचे थांबले. माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं. "म्हंजे मंग दाजीचंच खरं निंघालं."

"ह्या मशीनपुरतं," मी म्हणाले.